दुसरी नळी

“यातली दुसरी नळी कुणाच्या रक्ताची?” डॉक्टर आगटेबाईंनी विचारलं.

“माझ्या मुलाच्या,” आई म्हणाली. “नाव लिवलंय की वर. रमाकांत दहिवाळ.”

“नाव वाचलंय मी. म्हणूनच विचारतेय.” बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे रक्त पुरुषाचं नाही. बाईचं आहे.”

रमाकांतदादा, माझा थोरला भाऊ, तिथंच खुर्चीत बसला होता. त्याच्या मिशांचं करमाळ्याच्या पेठेत कौतुक होतं. त्या घटकेला त्या मिशा घेऊन कुठं जावं ते त्याला कळेना. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. एरवी मी हसून लोळले असते. पण माझ्या शेजारी दादाची बायको, कुंदावहिनी बसली होती, आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझ्याच बांगड्या मला रुतत होत्या.

मी पुण्याला आले होते ती तिच्यासाठीच. आम्ही कासार, आमचं बांगड्यांचं दुकान. वडील गेल्यावर आईने ते एकटीने चालवलं. विधवेच्या हातून चुडा कसा भरून घ्यायचा, म्हणून काही बायका सुरुवातीला कुरकुरल्या, तेव्हा आईने त्यांना ठणकावलं होतं, “कासाराच्या हाताला सोयर न्हाई अन् सुतक न्हाई.” पण हा न्याय सुनेपर्यंत पोचला नव्हता. वहिनीचं दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली ती तिरप्या डोळ्यांची, मेणासारखी मऊ, आणि तीन महिन्यांत गेली. तेव्हापासून आईचा नियम होता: पोटुशी बाई दुकानाची पायरी चढली की वहिनीने उठून मागे जायचं. हिरव्या चुड्याला तिने हात लावायचा नाही. साऱ्या घरात हलका हात तिचा, आणि तिनेच मागे जाऊन तांदूळ निवडायचे. मला ते बघवायचं नाही. पण मी लग्न होऊन गेलेली लेक, माहेरच्या कारभारात किती तोंड घालणार?

सोलापूरच्या मुलांच्या डॉक्टरांनी ती मुलगी बघितली होती. त्यांनीच सांगितलं, की पुण्याला एक प्रयोगशाळा आहे, तिथे रक्तातली गुणसूत्रं बघतात. नवराबायको दोघांचं रक्त पाठवा, पोरं का जातात ते कळेल. आई इतक्या चटकन कबूल झाली की मला नवल वाटलं. मग एकदा तिचं आणि दादाचं बोलणं कानावर पडलं. वहिनीत खोट आहे असं डॉक्टरांच्या तोंडून एकदा निघालं, की दादाचं दुसरं लग्न करायला ती मोकळी होणार होती.

पुण्याहून सगळ्यांना बोलावणं आलं तेव्हा वहिनी मला म्हणाली होती, “वन्सं, तुम्ही चला. काय निघायचं ते निघू द्या, पण मला एकटीला ऐकवणार नाही.” मला पाचवा महिना लागायला थोडेच दिवस होते. माझा नवरा फौजेत, तेव्हा आसामच्या बाजूला कुठेतरी. सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून सातव्याची वाट न बघता मी आधीच माहेरी आले होते. असल्या दिवसांत एसटीचे धक्के नकोत म्हणून आईने आकांत केला. मी हट्टाने आले.

“दहिवाळबाई, मी काय विचारतेय?” आगटेबाई म्हणाल्या.

त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. प्रत्येकावर काळ्या-करड्या पट्ट्यांच्या बारीक काड्या, जोडीजोडीने चिकटवलेल्या, मोठी जोडी आधी आणि लहान शेवटी. आमच्या दुकानात बांगड्यांचे जोड मापाप्रमाणे लावतात, थेट तशा. बाईंनी सांगितलं, की रक्तातल्या पेशी काचेत तीन दिवस वाढवतात, त्या फोडून त्यांचा फोटो काढतात आणि एकेक सूत्र कात्रीने कापून जोड्या लावतात.

“पुरुषाच्या शेवटच्या जोडीत एक मोठं असतं आणि एक बारकं. इथे दोन्ही मोठी आहेत. यात चूक होत नाही. आमची नळी बदलली असं वाटून मी दोनदा तपासलं. बदल आमच्याकडे झालेला नाही. तुमच्या घरी झालाय.”

आईने पदर तोंडाला लावला. आणि तिच्या त्या पदराकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

रक्त घ्यायला आमच्या घरी भागवत कंपाउंडर आला होता. आधी वहिनीचं घेतलं. तिला घेरी आल्यासारखं झालं, म्हणून आईने तिला आत निजवलं. दादा सकाळपासून गायब होता. मग आई मला म्हणाली, “हेमे, बस हितं. आलाच हाय कंपाउंडर, तर तुजंबी रगत बघून घिऊ. पोटुशीचं बघत्यात.” मी हात पुढे केला. भागवतने आईकडे बघितलं, आईने मान हलवली, आणि माझं रक्त हिरव्या बुचाच्या नळीत गेलं. दोन्ही नळ्या घेऊन तो त्याच दिवशी पुण्याच्या गाडीत बसला. माझ्या रक्ताचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलं नाही.

“ते रक्त माझं आहे,” मी म्हणाले.

वहिनीने माझं मनगट सोडलं.

“आई, माझं घातलंस तू? दादाच्या नावावर?”

“मग काय बिघडलं!” आई उसळली. “पाठची बहीण हाय त्याची. एका आईबापाची लेकरं, रगत एकच. बाप्याच्या हातात कशाला सुया टोचायच्या? त्याच्यात काय न्हाईच, तर...”

“थांबा,” आगटेबाई म्हणाल्या. त्या आईशी बोलत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या. मी खुर्चीत सावरून बसले होते आणि माझा हात, मला न विचारता, पोटावर गेला होता. त्यांनी तो बघितला. त्यांचा चेहराच बदलला. डॉक्टर माणसं घाबरत नाहीत असं मी समजत होते.

“कितवा महिना?”

“पाचवा लागेल आता.”

त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. दार लावण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. चांगली बातमी द्यायला कुणी दार लावत नाही.

“सूनबाईंचं रक्त अगदी निर्दोष आहे,” त्या म्हणाल्या. “सगळ्या जोड्या जिथल्या तिथे. जे सापडलं ते या दुसऱ्या नळीत.” त्यांनी पेन्सिलीचं टोक एका जोडीवर ठेवलं. “हे चौदावं. आणि त्याच्या डोक्यावर बसलंय ते एकविसावं. दोन वेगळी सूत्रं एकमेकांना चिकटलीत. तुमच्यात कमी काही नाही, जास्त काही नाही, म्हणून तुम्ही ठणठणीत आहात. पण मूल होताना अर्धी वाटणी मुलाला जाते. आणि ही चिकटलेली जोडी वाटताना घोळ होतो. कधी कमी जातं, मग पोट पडतं. कधी जास्त जातं, मग...”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. वहिनीने केलं.

“मग माझ्या मुलीसारखं होतं,” वहिनी म्हणाली.

“होय. प्रत्येक वेळी नाही. बाईच्या रक्तात हे असेल तर दहातल्या एखाद्या बाळाला. सात-आठांत एक धरा फार तर.”

दहातलं एक. वहिनीची मुलगी मी मांडीवर घेतली होती. तिला दूध ओढता यायचं नाही, ओठ निळे पडायचे. रडायची तेसुद्धा मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात. माझ्या पोटात चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा काहीतरी फडफडलं होतं आणि मी ते कुणाला न सांगता एकटीच हसले होते. आता ते पुन्हा फडफडलं, आणि मला दरदरून घाम फुटला.

“कळतं का?” मी विचारलं. “आत्ताच्या आत्ता कळतं का?”

“कळतं. पोटात सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढायचं. त्यात बाळाच्या पेशी असतात. त्या वाढवून असाच कागद तयार होतो. पण वाढायला वेळ लागतो, तीन आठवडे धरा. आणि कायद्याने काही करायचं तर पाच महिन्यांच्या आत करावं लागतं. म्हणजे उद्यावर ढकलण्यासारखं नाही. सुईमुळे पोट पडण्याचाही धोका आहे, शंभरात एखादीला. नवऱ्याशी बोलायचं असेल तर...”

“ते आसामात आहेत. पत्र पोचेपर्यंत मी बाळंत होईन.”

“न्हाई!” आई उभी राहिली. “सुई न्हाई घालायची. चांगलं रुजलंय पोट. उठा गं, चला. हात दाखवून अवलक्षण!”

“दाखवलास तूच,” मी म्हणाले. “माझा हात.”

आई मटकन खाली बसली. दादा अजूनही चपलांकडेच बघत होता. मला वाटलं, या खोलीत मी एकटी आहे. ज्या काडीवर पेन्सिल टेकली होती ती माझी होती, पोट माझं होतं, आणि ठरवायचं मलाच होतं.

मी वहिनीकडे बघितलं. ती निर्दोष ठरली होती. तिने तोंडसुख घेतलं असतं तर माझी हरकत नव्हती, तिचा तो हक्कच होता. तिने माझ्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

“वन्सं, बघून घ्या,” ती म्हणाली. “माझी जगली असती तर मी सांभाळली असती. अजूनही तेच म्हणेन. पण पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कुणी आधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतायत, तर ऐकून घ्या. मग तुम्ही ठरवाल ते खरं.”

सुईच्या वेळी आत एकालाच येऊ देतात. आई पदर सावरत पुढे झाली. मी म्हणाले, “वहिनी येईल.”

सुई लांब होती. मी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघितलं नाही. वहिनी बघत होती, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते मला आधी कळेना. मग ती पुटपुटली, “हात हलवतंय, वन्सं. तोंडाशी नेतंय.” ते काय करतंय ते मला कळायला नको होतं. अजून नको. पिवळसर पाण्याची नळी भरली, बाईंनी तिच्यावर स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं आणि मला वाचून दाखवायला लावलं. “आता घोळ नको,” त्या म्हणाल्या. “आणि मुलगा की मुलगी ते विचारायचं नाही. कायदा आहे. नसता तरी मी सांगितलं नसतं.”

निघताना त्यांनी दादाला थांबवलं. “तुमचंही रक्त द्या. तुमच्या दोन गर्भपातांचं आणि मुलीचं उत्तर बहुधा तुमच्यात आहे.” दादा म्हणाला, “बघू पुढच्या खेपेला.” आणि आमच्या आधी जिना उतरला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तोवर मी बोलण्यात वापरलं होतं, भोगलं नव्हतं. सुरुवातीला सुईची भीती. जरा कंबर भरून आली की वाटायचं, गेलं. रोज लुगड्याला डाग नाही ना ते बघायचं आणि नाही दिसला की सुटल्यासारखं व्हायचं, पण तेवढ्यापुरतंच. कारण मग दुसरी भीती उठायची. पोट राहिलं, तर त्यात काय आहे? आणि तिसरी, सगळ्यांत वाईट: नको ते निघालं, तर मी काय करीन? पोटातलं ते आता दिवसातून दोनतीनदा हलायचं. मी त्याच्याशी बोलायचं बंद केलं होतं. पोटावर हातसुद्धा ठेवायची नाही. उगाच माया लागेल म्हणून, जशी काही लागायची राहिली होती!

आई दुकानात जाईनाशी झाली. उठायची आणि कमलाभवानीच्या देवळात जाऊन बसायची. परत आली की माझ्या कपाळाला अंगारा लावायची आणि नजर चुकवायची. खाई त्याला खवखवे, म्हणून मी तिच्यावर धुमसत होते. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की आई माझ्याहून जास्त घाबरली आहे. लेकीच्या पोटाची काळजी मी समजू शकत होते. पण पुढे काय येणार ते आधीच डोळ्यांनी बघून बसल्यासारखी ती घाबरली होती. तिच्या भीतीला चेहरा होता.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिने दुकानाची एक फळी लावून घेतली. नव्या मालाची पेटी उघडली होती. पेंढ्यातून बांगड्यांचे दोऱ्यात बांधलेले तोडे काढून आम्ही दोघी पुसत होतो.

“आई,” मी म्हणाले, “माझंच रक्त का घातलंस?”

“सांगितलं की. रगत एकच...”

“ते डॉक्टरीणबाईंना सांग. दादाला एक सुई टोचली असती तर काय मरणार होता? वहिनीची खोट निघावी एवढंच तुला हवं होतं, तर दादाचं रक्त जायला काय हरकत होती? तू एवढी का घाबरलीस?”

ती पुसतच राहिली. एकच बांगडी, गोल गोल.

“तुजं पोट टिकलं होतं,” शेवटी ती म्हणाली. “पहिल्याच खेपंला. तवा मला वाटलं, तुज्यात न्हाई आलं ते. तुजं रगत चांगलं. ते दिलं की सुटलो.”

“काय नाही आलं?”

तिने बांगडी खाली ठेवली.

“रमाकांतच्या आधी मला एक झाला हुता. बार्शीला. आपण करमाळ्याला नंतर आलो.” ती थांबून थांबून बोलत होती. “डोळं तसंच. तिरपं. जीभ भाईर. चार वर्सं जगला. लई हसरा हुता गं. गिऱ्हाईक आलं की तुजी आजी त्याला मागच्या खोलीत कोंडायची. तो दार वाजवायचा न्हाई, कायबी करायचा न्हाई. वाढलेल्या बांगड्यांच्या काचंचं तुकडं उचलील म्हणून मी भीत हुते, तर तो जोड लावत बसायचा. लाल लालशेजारी, हिरवी हिरवीशेजारी. तापानं गेला. तुजी आजी म्हणली, कुणाला बोलायचं न्हाई. कळलं तर पुढच्या पोरांची लग्नं हुयाची न्हाईत. गाव सोडलं आपण. तुज्या बापानंबी परत कधी नाव घेतलं न्हाई.”

माझ्या हातातला तोडा मी सोडून दिला होता. मला एक भाऊ होता, आणि इतकी वर्षं मला माहीत नव्हतं.

“म्हणजे वहिनीची मुलगी झाली तेव्हा...”

“बघताक्षणी वळखली मी.”

“आणि तरी तू वहिनीला बोल लावलास? तिला हिरव्या बांगडीला शिवू दिलं नाहीस? तिला टाकून दादाचं दुसरं लावायला निघाली होतीस?”

“भ्या वाटलं, हेमे!” आई एकदम ओरडली आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. “तिच्यात न्हाई म्हणलं तर कुणात? माज्यात. मंग लोक म्हणणार, हिच्या लेकाला पोरगी देऊ नका, हिची लेक करू नका. तू उजवली गेलीस ती कुणाला ठावं नव्हतं म्हणून. आन् आता तुज्या पोटात काय हाय, त्ये मी डोळं मिटलं की दिसतंय. मला मागच्या खोलीतलं दार दिसतंय.”

मागे काचेचा आवाज झाला. वहिनी चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. मला वाटलं, आता ही पेले फेकील. फेकले असते तर बरं झालं असतं.

तिने पेले खाली ठेवले. एक आईपुढे सरकवला.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “त्याचं नाव काय होतं?”

आईने तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं न घेतलेलं नाव.

“मुरलीधर,” ती म्हणाली. “मुरली म्हणायची मी.”

“त्याचं बारसं तरी झालं होतं,” वहिनी म्हणाली. “माझीचं तुम्ही करू दिलं नाहीत. बिननावाची गेली ती.”

एवढंच बोलून ती आत गेली. आई चहाच्या पेल्याकडे बघत बसली, त्यावर साय धरली तरी. त्या वेळी मला आईची दया आली की राग, ते मी आजही सांगू शकत नाही. दोन्ही आलं असेल.

पुण्याला फोन करायच्या दिवशी मी आणि वहिनी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. आईला येऊ नको म्हटलं होतं. ती आलीच, पण रस्त्याच्या पलीकडे, रसाच्या गाड्याआड उभी राहिली. काचेच्या खोपट्यात मी आणि वहिनी कशाबशा मावलो. नंबर लागेना. लागला तो तुटला. पुन्हा लावला. वहिनीने मागून मला धरून ठेवलं होतं.

“हेमलता?” आगटेबाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. “ऐकू येतंय का? रिपोर्ट माझ्या हातात आहे. बाळाचंही एकविसावं चौदाव्याला चिकटलेलंच आहे...”

पुढचं मी ऐकलं नाही. रिसीव्हर माझ्या हातून सुटला आणि वायरला लोंबकळत राहिला. चिकटलेलंच आहे. पोटात ते त्याच क्षणी हललं, आणि मी दोन्ही हात पोटावर ठेवले. इतके दिवस ठेवले नव्हते, ते ठेवले. मनात एकच आलं, मागच्या खोलीत नाही. काहीही होवो, मागच्या खोलीत कोंडणार नाही.

वहिनीने रिसीव्हर उचलला होता. “मी भावजय बोलतेय... हो... हो...” मग म्हणाली, “परत सांगा. तिच्या कानाला लावते. तिला तुमच्या तोंडून सांगा.”

“अगं पोरी, पुरतं ऐकून तर घे!” बाई म्हणाल्या. “चिकटलेलं आहे, पण जास्तीचं काही गेलेलं नाही. बरोब्बर तुझ्यासारखं. तू जशी ठणठणीत, तसं ते. कळलं का? तुझ्यासारखं!”

मी बूथच्या बाहेर येऊन फुटपाथवर बसले. रडले, हसले, काय काय केलं. आई रस्ता ओलांडून धावत आली. एक रिक्षा तिला घासून गेली, रिक्षावाल्याने शिवी दिली, तिला कशाचीच शुद्ध नव्हती. “काय म्हणली? हेमे, काय म्हणली?”

“माझ्यासारखं आहे,” मी म्हणाले.

आई तिथंच धुळीत बसली आणि तिने माझे पाय धरले. मी ते सोडवत होते तेव्हा वहिनी कुठे आहे म्हणून बघितलं. ती बूथच्या काचेला कपाळ टेकून उभी होती. दवाखान्यात, दुकानात, आजवर कधीच जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती हमसून हमसून रडत होती.

“माझ्या तिघांना असं आधी कुणी बघितलंच नाही, वन्सं,” ती म्हणाली. “कुणी बघितलंच नाही.”

आईने ते ऐकलं.

पुढच्या महिन्यात आईने दादाला हाताला धरून पुण्याला नेलं, आणि या खेपेला त्याच्या शेजारी बसून स्वतःचाही हात पुढे केला. दोघांच्या कागदावर तीच काडी निघाली. दोन वर्षांनी वहिनीच्या पोटातलं पाणी तसंच काढलं, तशीच तिने वाट बघितली, आणि तिला प्रमोद झाला. माझ्या पोटातली ती, ललिता, आता लग्नाची आहे. तिने स्वतःच नवऱ्या मुलाला समोर बसवून चौदा आणि एकवीस समजावून सांगितलं. तो म्हणाला, मग तपासू. एवढं सोपं होतं ते!

पण मला आठवतं ते माझं डोहाळजेवण. सातवा महिना. अख्खी पेठ लोटली होती. चुडा भरायला मला दुकानातच बसवलं, गादीवर, बायकांच्या गराड्यात. आईने हिरव्या बांगड्यांचा तोडा काढला, माप बघितलं. माझा हात हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

“कुंदा,” तिने हाक मारली. “भाईर ये.”

वहिनी सवयीने आधीच मागे जाऊन बसली होती. ती दारात आली.

“चुडा तू भर.”

गल्लीतल्या थोरल्या शेटेकाकू पुढे सरकून आईला म्हणाल्या, “अगं वच्छले, भरल्या ओटीचा हात बघावा. हिच्या हाताला...”

“हिच्या हाताला काय झालंय?” आईचा आवाज चिरकला. तिच्या मानेची शीर उडत होती. आयुष्यभर ज्या एका गोष्टीला ती घाबरली होती ती तिच्यासमोर लुगडी नेसून, ओटीचं सामान घेऊन ओळीने बसली होती. “ऐका समद्या. हिची गेली ती माज्या रगतामुळं गेली. डाक्टरनं दाखवलंय मला. माजाबी एक हुता तसा. मुरलीधर नाव हुतं त्याचं. चार वर्सं माज्या मांडीवर हुता. ज्याला माज्या घरची सोयरीक नको वाटंल त्यानं सांगावं. पण माज्या सुनेच्या हाताला बोल लावायचा न्हाई.”

शेटेकाकू मागे सरकल्या. कुणीतरी खोकलं. उठून मात्र कुणी गेलं नाही.

वहिनी माझ्यासमोर बसली. माझा हात तिने दाबून दाबून मऊ केला, अंगठा आत वळवला आणि पहिली बांगडी चढवली. मग दुसरी. दोन्ही हात भरून झाले, चढवताना एकही बांगडी वाढली नाही.

चुडा भरून झाला की भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत.

“नको वन्सं,” वहिनी म्हणाली. “पोट अवघडलंय.”

“करू दे तिला,” आई म्हणाली.

मी वाकले. पोटामुळे पुरतं वाकता येत नव्हतं. जेवढं येत होतं तेवढं वाकले.